पापनिवेदनाला जाताना: आधी पश्चात्ताप, मग यादी

पापनिवेदन म्हणजे धर्मगुरूंपुढे आपली पापं सांगून देवाची क्षमा मागण्याचा कॅथलिक संस्कार, म्हणजे पवित्र विधी. त्याच्या रांगेत उभा असलेला माणूस बहुतेक वेळा एकाच विवंचनेत असतो: आत गेल्यावर काय सांगायचं? मागच्या खेपेला काय सांगितलं होतं ते तो आठवतो, त्यात मधल्या काळातलं एखादं भांडण घालतो, 'प्रार्थना चुकली' हे तर ठरलेलंच, आणि तेवढ्यात नंबर लागतो. दोन मिनिटांत बाहेर. यादी सांगून झालेली असते, मन मात्र जागचं हललेलं नसतं.

कॅथलिक शिकवणुकीत क्रम याच्या बरोबर उलटा आहे. एखादं पाप खरोखरच आठवलं नाही म्हणून सांगायचं राहिलं, तर क्षमा अडत नाही. पण पश्चात्तापच नसेल, तर यादी कितीही बिनचूक असो, धर्मगुरूंनी उच्चारलेले पापमुक्तीचे शब्द त्या माणसापर्यंत पोहोचत नाहीत. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या सभेने, २५ नोव्हेंबर १५५१ रोजी या संस्काराबद्दल जे ठरवलं, त्यात पापी माणसाच्या वाट्याच्या तीन गोष्टी सांगितल्या आहेत: पश्चात्ताप, पापांची कबुली आणि भरपाई. त्यांत पहिलं स्थान पश्चात्तापाला, हेही तिथेच स्पष्ट म्हटलं आहे. चौथी गोष्ट, म्हणजे पापमुक्ती, देवाच्या बाजूने येते; ती आपल्या हातातली नाही.

म्हणून या लेखात कबुलीच्या पद्धतीपेक्षा पश्चात्तापावर जास्त लिहिलं आहे. कबुलीची पद्धत पाच मिनिटांत शिकता येते.

धर्मगुरूंकडेच कशाला जायचं?

'मी मनातल्या मनात देवाला सांगतो, मध्ये माणूस कशाला?' हा प्रश्न जुनाच आहे. योहानच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू शिष्यांवर फुंकर घालतो आणि सांगतो, की ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांना क्षमा मिळेल आणि ज्यांची पापं तुम्ही तशीच ठेवाल त्यांची ती तशीच राहतील. आता, क्षमा करायची की तशीच ठेवायची हे ठरवायचं, तर ऐकणाऱ्याला काहीतरी कळायला हवं. कबुलीची गरज तिथून येते. क्षमा देवच करतो; धर्मगुरू ख्रिस्ताच्या वतीने आणि चर्चच्या वतीने तिथे बसलेले असतात. चर्चच्या वतीने अशासाठी, की माझ्या पापाने देवाइतकाच माझ्या आसपासच्या माणसांनाही धक्का लागलेला असतो.

पद्धत मात्र शतकानुशतकं बदलत आली. सुरुवातीच्या शतकांत खून, व्यभिचार, मूर्तिपूजेकडे परत वळणं अशा पापांसाठी उघड आणि कधी कधी कित्येक वर्षं चालणारं प्रायश्चित्त असे. सातव्या शतकात आयरिश मठवासी युरोपच्या मुख्य भूमीवर गेले आणि त्यांच्याबरोबर खाजगी, पुन्हा पुन्हा करता येणाऱ्या पापनिवेदनाची रीत पसरली. वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावं हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेचा. जाळीची खिडकी असलेला लाकडी कक्ष त्याहूनही अलीकडचा, सोळाव्या शतकातला. सध्याचा विधी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७३ साली सुधारून आला.

पहिली पायरी: झडती

घरी, शांत जागी, पंधरा-वीस मिनिटं काढा. रांगेत उभं राहून हे होत नाही. सुरुवातीला पवित्र आत्म्याकडे दोन गोष्टी मागा: पापं दिसावीत, आणि ती दिसल्यावर खचून जाऊ नये.

मग दशाज्ञा समोर ठेवून एकेक आज्ञा घ्या. पण 'मी चोरी केली का?' एवढ्यावर थांबू नका. कामाच्या जागी न केलेल्या कामाचे पैसे घेतले का? घेतलेलं कर्ज मुद्दाम लांबवलं का? 'खून करू नको' ही आज्ञा वाचून आपण लगेच पुढे सरकतो, पण येशूने डोंगरावरच्या प्रवचनात तिच्या पोटात रागही घातला आहे. वर्षानुवर्षं कोणाशी बोलणं टाकलं असेल, तर ते याच आज्ञेखाली येतं. शेवटी, न केलेल्या गोष्टींची झडती घ्या: बोलायला हवं होतं तिथे गप्प बसलो, आजाऱ्याकडे फिरकलो नाही, आईवडिलांचा फोन मुद्दाम घेतला नाही. माझ्या मते बहुतेकांच्या यादीतली खरी वजनदार पापं याच शेवटच्या भागात असतात, आणि नेमका हाच भाग घाईत सुटतो.

झडती घेताना दुसऱ्याची पापं फार चटकन आठवतात. दाविद राजाची गोष्ट आठवा. उरीयाची बायको घेतली, मग उरीयालाच लढाईत मारवलं, आणि मनाला काही टोचलं नाही. नाथान संदेष्ट्याने येऊन एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी कशी घेतली ते सांगितलं, तेव्हा दाविद भडकला: त्या माणसाला मरणाची शिक्षा झाली पाहिजे! नाथानचं उत्तर दोन-तीन शब्दांचं: तो माणूस तूच आहेस. झडती घेताना कोणावर राग उफाळून आला, तर तिथेच थोडं थांबा. गोष्टीतली मेंढी आपल्याच घरात बांधलेली असण्याची शक्यता असते.

गंभीर पाप कोणतं? तीन अटी एकत्र असाव्या लागतात: गोष्ट मुळातच गंभीर असावी, ती गंभीर आहे हे करणाऱ्याला पूर्ण ठाऊक असावं, आणि ती त्याने मनापासून, स्वेच्छेने केलेली असावी. तिन्हींपैकी एक जरी नसेल, तरी पाप त्या अर्थाने गंभीर ठरत नाही. म्हणजे झोपेत, जबरदस्तीत, निव्वळ अज्ञानात घडलेल्या गोष्टींवरून स्वतःला गंभीर पापी ठरवू नका. तसंच 'मला कुठे माहीत होतं' असं स्वतःला खोटंही सांगू नका.

गंभीर पापं कोणत्या प्रकारची आणि किती वेळा घडली, हे सांगणं आवश्यक आहे. नेमका आकडा आठवत नसेल तर अंदाज पुरतो: 'वर्षभर, महिन्यातून दोन-तीनदा.' पापाचं स्वरूपच बदलून टाकणारी परिस्थिती असेल तर तीही सांगायची. पैसे चोरणं वेगळं, आणि ठेवायला दिलेले अनाथ भाच्याचे पैसे चोरणं वेगळं. हलकी पापं सांगणं बंधनकारक नाही, पण चर्च त्याची आवर्जून शिफारस करतं. कागदावर लिहून नेलंत तरी चालतं. मात्र काम झाल्यावर तो फाडून टाका. फोनमध्ये लिहिलं असेल तर पुसून टाका.

आणि झडती कुठेतरी थांबली पाहिजे. एखाद्या महत्त्वाच्या कामासाठी माणूस जेवढी काळजी घेतो, तेवढीच अपेक्षित आहे. मनाचा प्रत्येक कोपरा भिंग लावून तपासायचा नसतो.

दुसरी पायरी: पश्चात्ताप

ट्रेंटच्या परिषदेने पश्चात्तापाची व्याख्या केली ती अशी: केलेल्या पापाबद्दल अंतःकरणात होणारं दुःख आणि त्या पापाचा तिटकारा, शिवाय पुढे पाप न करण्याचा निश्चय. या व्याख्येत अश्रू नाहीत. गळा दाटून येणंही नाही. दुःख 'अंतःकरणात', म्हणजे मुळात इच्छाशक्तीत असतं. ते भावनेत उतरलं तर चांगलंच, नाही उतरलं तरी ते खोटं ठरत नाही.

लॅटिनमध्ये दोन शब्द आहेत. 'अत्रित्सिओ' म्हणजे घासून झिजणं, आणि 'कोन्त्रित्सिओ' म्हणजे दळून पीठ होणं. मन दगडासारखं आहे असं धरलं, तर पहिल्यात त्याच्या कडा झिजतात, दुसऱ्यात दगड उरतच नाही. पहिल्याला अपूर्ण पश्चात्ताप म्हणतात आणि दुसऱ्याला परिपूर्ण. आपला मराठी शब्द वेगळीच बाजू दाखवतो: पश्चात् ताप, म्हणजे मागाहून होणारी होरपळ. शब्द छान आहे, पण त्याची एक अडचण आहे. त्यात फक्त मागे वळून पाहणं येतं. पुढचा निश्चय त्यात ऐकू येत नाही, तो आपण वरून घालावा लागतो.

अपूर्ण पश्चात्ताप कशातून येतो? पापाच्या ओंगळपणाची किळस वाटते म्हणून, किंवा देवाच्या न्यायाची आणि नरकाची भीती वाटते म्हणून. परिपूर्ण पश्चात्ताप प्रेमातून येतो: ज्याने माझ्यावर सगळ्यांहून जास्त प्रेम केलं, त्याच्याशी मी असं वागलो. फरक मोठा आहे, पण इथे एक दिलासा आहे. पापनिवेदनाच्या संस्कारात अपूर्ण पश्चात्तापही पुरतो. भीतीने आलेल्यालाही दार उघडंच आहे. आत आल्यावर कृपा उरलेलं काम करते.

मात्र ही भीती देवाशी संबंधित असावी लागते. घरी कळलं तर काय, नोकरी जाईल का, लोक काय म्हणतील, ही चिंता माणसाला बेजार करते, पण तिला पश्चात्ताप म्हणत नाहीत. स्वतःबद्दलचा वैतागही कधी कधी पश्चात्तापाचा मुखवटा घालून येतो. 'माझ्यासारख्या माणसाच्या हातून हे कसं घडलं!' या वाक्यात दुखावलेला अहंकारच जास्त बोलतो. ओळखायला एक साधा प्रश्न स्वतःला विचारा: हे कधीच कोणाला कळणार नाही, माझं काडीचंही नुकसान होणार नाही अशी खात्री मिळाली, तरीही हे घडलं नसतं तर बरं, असं मला म्हणता येईल का? उत्तर 'हो' असेल, मग ते कितीही क्षीण असो, पायाखाली जमीन आहे.

येशूच्या अटकेच्या रात्री दोघा शिष्यांनी त्याचा घात केला: यहूदाने त्याला धरून दिलं, आणि पेत्राने 'मी त्याला ओळखत नाही' असं म्हटलं. पुढे काय झालं ते बारकाईने वाचलं तर चक्रावायला होतं. मत्तय लिहितो, की यहूदाला खंत वाटली, तो मुख्य याजकांकडे गेला, 'निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केलं' असं स्पष्ट म्हणाला, आणि चांदीची तीस नाणी परत केली. खंत आहे, कबुली आहे, भरपाईसुद्धा आहे! पेत्राने यातलं काहीच केलं नाही. लूक फक्त एवढं सांगतो, की प्रभूने वळून पेत्राकडे पाहिलं, आणि पेत्र बाहेर जाऊन ढसाढसा रडला. यहूदाच्या अंतिम गतीबद्दल चर्चने कधी निकाल दिलेला नाही, आपणही देऊ नये. पण पश्चात्तापाबद्दल इथे एक गोष्ट दिसते. यहूदाच्या कबुलीत क्षमा मिळण्याची आशा नव्हती. तो आपलं पाप घेऊन त्या नजरेपासून लांब गेला. पेत्र त्या नजरेने विरघळला. ज्या दुःखात आशा नाही ते माणसाला देवाकडे नेत नाही, मग ते कितीही खोल असो.

बरं, पण पश्चात्ताप होतच नसेल तर? हे फार जणांच्या बाबतीत घडतं, आणि बहुतेक जण ते कबूल करायला लाजतात. तेव्हा हे करून पाहा:

पहिली गोष्ट, तो मागा. पश्चात्ताप ही कृपा आहे, आपण मनाला पिळून काढायची गोष्ट नाही. यहेज्केलच्या पुस्तकात देव म्हणतो, की दगडाचं हृदय काढून मी मांसाचं हृदय देईन. ती शस्त्रक्रिया तोच करणार. 'प्रभू, मला वाईट वाटत नाही. वाटावं असं मात्र वाटतं,' ही प्रार्थना प्रामाणिक आहे, आणि पश्चात्तापाची सुरुवात तिच्यातच आहे.

दुसरी, पापांच्या यादीवरून नजर काढून क्रूसाकडे न्या. लूकच्या पंधराव्या अध्यायातली उधळ्या पुत्राची गोष्ट किंवा एकावन्नावं स्तोत्र सावकाश वाचा. उधळ्या पुत्राला घरची आठवण आधी भुकेने झाली, प्रेमाने नव्हे, हे लक्षात घ्या. अपूर्ण पश्चात्तापाचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. तरीही बापाने तो दूर असतानाच धावत जाऊन त्याला मिठी मारली.

तिसरी, एका माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. 'मी कठोर बोललो' यावर मन हलत नाही. पण ते ऐकताना समोरच्याचा चेहरा कसा पडला होता, ते आठवलं की हलतं.

आणखी एक अडचण: 'खरं सांगायचं तर ते पाप करताना मजा आली होती, आणि आठवण आली की अजूनही गोड वाटतं.' शरीराची आणि आठवणीची ओढ लगेच जात नाही. ती ओढ असतानाही 'हे मला नको' असं इच्छेने म्हणता येतं. क्षमेला तेवढं लागतं.

निश्चय, आणि पुन्हा पडण्याची भीती

'पुन्हा तेच करणार हे मला माहीत आहे, मग निश्चय खोटाच नाही का?' निश्चय म्हणजे भविष्यवाणी नव्हे. आत्ता, या क्षणी, मी ते पाप नाकारतो आणि ते टाळण्यासाठी लागणारी पावलं उचलायला तयार आहे, एवढाच निश्चयाचा अर्थ. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये हे स्पष्ट केलं होतं, की पुन्हा पडण्याची भीती असल्याने निश्चयाचा खरेपणा कमी होत नाही.

पण पावलं खरी हवीत. पापाकडे नेणारा हमखासचा रस्ता प्रत्येकाला माहीत असतो: ठरावीक मित्रांचा अड्डा, रात्री उशिरा एकट्याच्या हातातला फोन, ठरावीक माणसाशी चाललेले मेसेज. निश्चय म्हणजे तो रस्ता बंद करणं. 'चांगलं वागेन' हा निश्चय नाही, ती सदिच्छा झाली. 'दहानंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवेन' याला निश्चय म्हणता येईल. आणि जो सरळच म्हणतो, की हे संबंध मी सोडणार नाही किंवा लुबाडलेली जमीन परत करणार नाही, त्याला धर्मगुरू पापमुक्ती देऊ शकत नाहीत. त्यात शिक्षेचा हेतू नसतो. जे तो माणूस हातातून सोडतच नाही, ते उचलून नेता येत नाही, इतकंच.

तिसरी पायरी: आत गेल्यावर

जाळीच्या आडून बोलायचं की समोरासमोर, ते बहुतेक ठिकाणी तुम्ही ठरवू शकता. गुडघे टेकून किंवा बसून क्रूसाची खूण करा. 'फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे. माझं शेवटचं पापनिवेदन सहा महिन्यांपूर्वी झालं.' विवाहित आहात, विद्यार्थी आहात, व्रतस्थ आहात, हे एका शब्दात सांगितलंत तर फादरांना सल्ला देणं सोपं जातं. अनेक वर्षांनी येत असाल, तर तेही सुरुवातीलाच सांगा: 'वीस वर्षं झाली, कसं करायचं ते विसरलो आहे.' एवढं ऐकल्यावर ते तुम्हाला हाताला धरून नेतील. कोणत्याही धर्मगुरूंच्या दृष्टीने ते वाक्य म्हणजे त्या दिवसाची सगळ्यात चांगली बातमी असते.

मग पापं. सगळ्यात जड असेल ते सगळ्यात आधी. शेवटी सांगू म्हणून ठेवलं, की शेवट येईपर्यंत धीर गळतो. जीभ वळतच नसेल तर म्हणा, 'फादर, एक गोष्ट आहे, सांगायला जमत नाहीये, मला विचारा.'

सांगणं थोडक्यात, स्पष्ट आणि स्वतःपुरतं असावं. 'मी चांगला वागलो नाही,' यातून काहीच कळत नाही. 'पैशांबद्दल मी बायकोशी चार-पाच वेळा खोटं बोललो,' यातून सगळं कळतं. 'ती सारखी टोचून बोलते, म्हणून मग मी...' असं सुरू झालं, की ते बायकोचं पापनिवेदन होतं, आणि ती तर तिथे नसते. पापात सामील असलेल्या दुसऱ्या कोणाचं नाव घेऊ नका. घेतलंत तर फादरच थांबवतील. लैंगिक पापांत प्रकार सांगा, वर्णन नको.

शेवटी म्हणा, 'या आणि मला आठवत नसलेल्या सगळ्या पापांबद्दल मला पश्चात्ताप होतो.' खरोखर विसरलेली पापं यात येतात. नंतर एखादं गंभीर पाप आठवलं, तर पुढच्या वेळी सांगायचं. तोवर ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, घ्यायला हरकत नाही. जाणूनबुजून लपवलेल्या गंभीर पापाचं मात्र वेगळं आहे. ते लपवलं, की बाकीच्या पापांचीही क्षमा होत नाही, आणि संस्काराच्या अपमानाचं पाप वर चढतं. असं पूर्वी कधी घडलं असेल, तर पुढच्या वेळी तेही सांगा आणि त्या वेळची पापं पुन्हा सांगा. लाजेपोटी वर्षानुवर्षं असं ओझं वाहणारी माणसं कमी नसावीत.

'फादर ओळखीचे आहेत' ही भीती सगळ्यांनाच असते. हवं तर अनोळखी धर्मगुरूंकडे जा, त्यात काही गैर नाही. पण गुप्ततेबद्दल निश्चिंत राहा. चर्चच्या कायद्यानुसार पापनिवेदनात ऐकलेलं शब्दांतून, हावभावांतून, कुठल्याही कारणासाठी उघड करायला धर्मगुरूंना सक्त मनाई आहे. थेट उघड केलं तर ते आपोआप बहिष्कृत होतात. तुम्हाला अडचणीत आणेल अशा रीतीने ती माहिती वापरायलाही मनाई आहे. बाहेर भेटल्यावर ते स्वतःहून त्याबद्दल चकार शब्द काढू शकत नाहीत. दुभाषी किंवा चुकून कानावर पडलेला तिसरा माणूसही गुप्ततेने बांधलेला असतो.

यानंतर फादर थोडा सल्ला देतात. कधी तो मोलाचा असतो, कधी दमलेल्या माणसाचा ठरावीक असतो. क्षमा त्यावर अवलंबून नाही. फ्रान्समधल्या आर्स गावच्या जॉन व्हियानींकडे (१७८६-१८५९) लोक लांबून येत आणि ते दिवसाला सोळा-सोळा तास कक्षात बसत. पण पापमुक्ती त्यांनी दिली काय किंवा नवख्या, अडखळणाऱ्या धर्मगुरूंनी दिली काय, ती तीच.

मग प्रायश्चित्त सांगितलं जातं. तुम्हाला ते झेपण्यासारखं नसेल, तर तिथेच म्हणा. ते बदलून देता येतं. त्यानंतर पश्चात्तापाची प्रार्थना. पाठ असलेली म्हणा, नाहीतर स्वतःच्या शब्दांत: 'हे देवा, मी पाप केलं याचं मला मनापासून दुःख होतं. तू इतका चांगला असताना मी तुझं मन मोडलं. तुझ्या कृपेच्या बळावर मी पुन्हा पाप करणार नाही आणि पापाकडे नेणाऱ्या वाटा टाळीन.' मग धर्मगुरू हात पुढे करून पापमुक्तीची प्रार्थना म्हणतात. तिचा गाभा एवढाच: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने मी तुझ्या पापांची क्षमा करतो. तुम्ही 'आमेन' म्हणा. क्षमा झाली.

चौथी पायरी: बाहेर आल्यावर

प्रायश्चित्त त्याच दिवशी उरकून टाका, नाहीतर विसरतं. पण 'तीन वेळा नमो मरिये म्हणा' यावर भरपाई संपत नाही. चोरलेलं परत करावं लागतं, मूळ मालक हयात नसेल तर वारसांना. कोणाची बदनामी केली असेल, तर ज्यांच्यापुढे केली त्यांच्यापुढे ती दुरुस्त करावी लागते, आणि हे पैसे परत करण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. जक्कय येशूला काय म्हणाला ते पाहा: कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. तो जकातदार होता, हिशेब त्याला पक्का कळत होता. क्षमा मिळाली म्हणजे पापामुळे झालेली मोडतोड आपोआप नीट होत नाही. ती दुरुस्त करणं पश्चात्तापाचंच पुढचं काम आहे.

क्षमा झालेलं पाप पुन्हा पुन्हा सांगायची गरज नसते. काहींना मात्र ते राहवत नाही. नीट सांगितलं का, पुरेसा पश्चात्ताप झाला का, ही शंका त्यांना पोखरत राहते. जेसुइट संघाचा संस्थापक, लोयोलाच्या इग्नेशियसला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा इथे नेमका हाच त्रास झाला. सगळं सांगून झाल्यावरही काहीतरी राहिलं असं त्याला वाटत राही, आणि जीव द्यावा असंही मनात येऊन गेलं. जुने मार्गदर्शक अशा माणसाला एकच सल्ला देतात: एकच धर्मगुरू ठरवा आणि ते 'पुरे' म्हणाले की पुरे. शंका तशीच छळत राहिली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यातही कमीपणा नाही.

किती वेळा, आणि काही अपवाद

गंभीर पाप घडलं असेल तर वर्षातून एकदा तरी जाणं बंधनकारक आहे, आणि ख्रिस्तशरीर घेण्याआधी तर जायलाच हवं. महिन्यातून एकदा जाण्याची सवय अनेकांना मानवते. मुलांना विवेक आल्यावर, साधारण सातव्या वर्षापासून, हा संस्कार घेता येतो. फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवरून पापनिवेदन होत नाही. ज्यांना बोलता येत नाही त्यांना लिहून किंवा खुणांनी ते करता येतं. सामुदायिक पापमुक्ती केवळ तातडीच्या आणि गंभीर प्रसंगीच देतात, आणि तेव्हाही गंभीर पापं नंतर वैयक्तिकरीत्या सांगण्याची तयारी मनात असावी लागते.

धर्मगुरू मिळालेच नाहीत तर

मार्च २०२० मध्ये चर्चची दारं बंद झाली, तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी लोकांना जुन्याच शिकवणीची आठवण करून दिली: धर्मगुरू भेटत नसतील तर थेट देवाशी बोला, खरं ते सांगा, क्षमा मागा, आणि शक्य होताच पापनिवेदनाला जाईन असं मनाशी धरा. परिपूर्ण पश्चात्तापाचं खरं काम इथे असतं. प्रेमातून आलेला पश्चात्ताप आणि पुढे पापनिवेदनाला जाण्याचा पक्का इरादा, या दोन्हींमुळे गंभीर पापांचीही क्षमा होते.

मरणाच्या दारात असलेल्या माणसाला कोणतेही धर्मगुरू पापमुक्ती देऊ शकतात, ज्यांना एरवी तसा अधिकार नाही तेसुद्धा. म्हणून घरात कोणी शेवटच्या घटका मोजत असेल तर आधी फोन करा. 'आजारी घाबरेल' म्हणून थांबू नका. आणि फादर पोहोचेपर्यंत उशापाशी बसा. बोलता येत नसलं तरी माणसाला ऐकू येत असतं असं धरून चाला. लांब प्रार्थना नको. कानाशी वाकून, सावकाश, मध्ये थांबत म्हणा: 'येशू, माझं तुझ्यावर प्रेम आहे. माझं चुकलं. मला क्षमा कर.' त्यांच्या हातात हात द्या, आणि थोड्या वेळाने हेच पुन्हा म्हणा.